बगळे दिसतात, रस्ता दिसत नाही

"वाचा, काका," मी म्हटलं.

मगदूम काकांनी खुर्चीत पाठ ताठ केली आणि समोरच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची, बारीक ओळ घडाघडा वाचली. मग त्यावर कडी म्हणून कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. ते नाव तिथे आहे हे मला स्वतःला तोवर माहीत नव्हतं.

"उत्तम!" मी म्हणाले.

"उत्तम कुठलं? मला दिसत नाही, डॉक्टर."

दार उघडं होतं. बाहेरच्या बाकांवरची कुजबुज एकदम थांबली.

"दिसत नाही म्हणजे?"

"रात्रीचं. गाडी चालवताना. मोतीबिंदू होता तेव्हा दिसायचं. आता मोतीबिंदू नाही आणि दिसतही नाही. याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा."

काका साखर कारखान्यातून चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झाले होते. उंच, सडपातळ, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. आवाज असा, की मळीच्या टाकीपलीकडल्या माणसालाही ऐकू जावा. पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. अमुक दुकानातला गूळ चांगला नाही असं ते म्हणाले, की त्या दुकानात माशाही जायच्या बंद होत.

मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत थांबले आणि दोन्ही डोळे कसून तपासले. मी बसवलेली भिंगं जागच्या जागी होती. मागचा पडदा स्वच्छ होता. डोळ्यांचा दाबही नेमका हवा तेवढा.

"डोळ्यांत काही दोष नाही, काका."

"मग दोष माझ्यात आहे का?" एवढं बोलून ते उठले, काळा चष्मा लावला आणि ताठ मानेनं निघून गेले.

मी तेव्हा बत्तीस-तेहतीसची असेन. ठाण्याहून गडहिंग्लजला आले त्याला जेमतेम वर्ष होत आलं होतं. ज्यांनी हे नेत्र रुग्णालय उभारलं ते वयस्क डॉक्टर मुलाकडे राहायला गेले आणि सगळा भार माझ्यावर आला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया मी पूर्वीही केल्या होत्या, पण पाठीशी कोणीतरी मोठं उभं असायचं. काका म्हणजे मी एकटीनं जबाबदारी घेतलेल्या पहिल्या काही जणांपैकी एक.

त्या आठवड्यात ठरलेली ऑपरेशनं एकामागून एक पुढे जायला लागली. एकाच्या नातवाची परीक्षा आली. दुसऱ्याच्या घरी कोणीतरी जत्रेला येणार होतं. तिसऱ्या आजी मात्र सरळ होत्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुझ्यावर राग न्हाई गं बाळ. पण मगदूम सायबांचं काय हुतंय ते बघू, मग करू."

मीही मनातल्या मनात काकांचं ऑपरेशन पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा करून पाहत होते. कुठे हात चुकला का? पुस्तकं काढून वाचली. काही सापडेना, आणि सापडत नाही याचीच जास्त भीती वाटायला लागली.

चार दिवसांनी दुपारी, दवाखाना रिकामा असताना, पद्मावती काकू आल्या. मगदूम काकांच्या सौभाग्यवती. गोलमटोल, हसऱ्या, हातात शेंगांच्या पोळीचा डबा. आल्या त्या दार लोटूनच बसल्या.

"डॉक्टरीण बाई, ह्यांना सांगू नका मी आल्ते म्हणून. पण काहीही करा आणि ह्यांना रात्रीचं दिसू दे."

"काकू, त्यांचे डोळे खरंच चांगले आहेत."

"ते मला कळतंय वो. भाजीतला केस लांबून दिसतोय त्यांना. पण गाडी चालवणार न्हाई म्हणाले की! परवा उसाच्या ट्रॉलीला धडकता धडकता वाचलो. घरी आल्यावर किल्ली खुंटीला लावली आणि म्हणाले, आजपासून अंधारात गाडी बंद."

"मग अंधारात नाही गेलं तर काय बिघडलं?"

काकू माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी त्यांना श्वास का घेता असं विचारलं होतं.

"माझं नाटक हाय," त्या म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. गावातल्या बायकांनी हौशी नाट्यस्पर्धेसाठी नाटक बसवायला घेतलं होतं. तालमी रोज संध्याकाळी गडहिंग्लजच्या शाळेच्या हॉलमध्ये. काकूंचं गाव संकेश्वरच्या बाजूला, बऱ्यापैकी आत. शेवटची एसटी तालीम रंगात येते तेव्हा सुटायची. घरात सून नाही, लेक नाही. मुलगा बंगळूरला. आणि काकूंना मुख्य भूमिका मिळालेली, फौजदारणीची.

"शाळेत असताना एकदा नाटकात उभी राहिल्ते. झाड झाल्ते मी. त्यानंतर आत्ता," काकू म्हणाल्या. "एकसष्ट वर्षांची हाय मी. पुढच्या वर्षी मला फौजदार कोण करणार?"

हसू येत होतं, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

"आज तालमीला आलाय का तुम्ही?"

"भाच्याच्या मोटरसायकलीवरनं आले. त्याला रोज कोण सांगणार?"

"असं करा. उद्या काकांना घेऊन या. म्हणावं, डॉक्टरांना तुमच्या गाडीत बसायचंय. दिवस मावळल्यावर."

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पांढरी गाडी दवाखान्यासमोर उभी राहिली. मगदूम मंडळी धर्मानं जैन, सूर्यास्ताच्या आत जेवणारी, त्यामुळे दोघांची जेवणं उरकलेली होती. काकू फौजदारी टोपी मांडीवर घेऊन मागे बसल्या होत्या. डिकीत नाटकातल्या पोलीस चौकीचं लाकडी टेबल आणि दोन बाकडी कोंबली होती, डिकीचं झाकण दोरीनं बांधलं होतं.

"बघा आता स्वतःच," काका म्हणाले. मी त्यांच्या शेजारी बसले.

गाव संपलं आणि त्यांनी दिवे लावले. माझे डोळे दिपले. निळसर, लखलखीत उजेड. दोन्ही बाजूंचा ऊस वरच्या पात्यापर्यंत चमकायला लागला. समोरून आलेल्या जीपवाल्यानं चिडून अप्पर-डिपर मारला. मग त्यानंही पूर्ण उजेड आमच्या तोंडावर टाकला आणि आम्ही दोघंही काही क्षण पांढऱ्या भिंतीत शिरल्यासारखे आंधळे झालो. ट्रकवाल्यानं तेच केलं. एका मोटरसायकलवाल्यानं तर जाता जाता काकांच्या खानदानाची विचारपूस केली.

"रोज असंच," काका म्हणाले. "माणसं बिघडलीत."

ओढ्याजवळच्या वळणावर मोठी बाभूळ होती. तिच्या शेंड्यावर बगळे झोपायला बसले होते. आमचा उजेड थेट त्यांच्यावर पडला. एकेका बगळ्याची मान, चोच, पिसं, सगळं मला मोजता येईल इतकं स्वच्छ दिसलं. त्रासलेले बगळे पंख फडफडवत उठले.

आणि बाभळीखालचा रस्ता? रस्त्याची डावी कड? काही नाही. काळोख.

मला एकदम हसू फुटलं. आवरेचना.

"काय झालं?" काकांनी गाडी बाजूला घेतली.

"काका, मलासुद्धा दिसत नाही!"

काकांनी माझ्याकडे गंभीरपणे पाहिलं. "मग तुमचंही ऑपरेशन करावं लागणार."

"ऑपरेशन गाडीचं करावं लागणार. हे दिवे कधी बसवलेत?"

"हे? झेनॉन आहेत. चिरंजीवांनी पाठवले. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, आता दिवेही नवीन घाला म्हणाला. मी बरा झालो त्याच आठवड्यात बसवून घेतले."

"काका, तुम्ही प्रयोगशाळेत आयुष्य काढलंत. एका वेळी दोन गोष्टी बदलल्यावर निकाल बिघडला, तर दोष कोणाचा धरायचा?"

काकांनी दिवे एकदा बंद करून पुन्हा लावले. मागून काकू म्हणाल्या, "मला शास्त्र कळत न्हाई, पण हे कळलं."

पण काका इतक्यात शरण जाणारे नव्हते. "हा तर्क झाला, डॉक्टर. सिद्ध कुठं झालं?"

"करू या की सिद्ध."

सलीम मुजावर गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करायचा. कडगाव रोडला त्याचं गॅरेज होतं. गाडी वळवून आम्ही थेट तिथेच गेलो. पस्तिशीचा, बोलका, सतत काहीतरी चघळणारा. त्यानं गाडी ओळखली.

"मीच बसवलंय की हे किट. भिंतीवर लावून फोकस बघूया म्हटलं, तर साहेब म्हणाले, तालमीला उशीर व्हायलाय."

"मी?" काका म्हणाले.

"तुम्हीच बोलला होता," मागून काकू म्हणाल्या.

सलीमनं बॉनेट उघडून समजावलं. काकांच्या गाडीचे मूळ दिवे साध्या बल्बसाठी केलेले. मागच्या चकचकीत वाटीवर उजेड पडून तो रस्त्यावर पसरायचा. त्याच वाटीत दुप्पट-तिप्पट प्रखर झेनॉन बसवल्यावर उजेड सैरावैरा उडत होता, झाडावर, आभाळात, समोरच्याच्या डोळ्यांत. आपल्या पुढ्यातल्या रस्त्यावर पडेल तेवढाच काय तो राहायचा. त्यात डिकीत टेबल आणि बाकडी. मागचं बूड खाली, गाडीचं तोंड वर.

"झेनॉन ठेवायचा असला तर दिव्यातच भिंग पाहिजे," सलीम म्हणाला. "प्रोजेक्टर म्हणतात त्याला. उजेड गोळा करून पाहिजे तिथंच टाकतंय. वर एक सरळ रेघ मारल्यागत कापलेला उजेड. त्याच्या वर अंधार. कोल्हापूरहून मागवायला लागेल."

"म्हणजे गाडीच्या डोळ्यांतही भिंग घालायचं?" काकांना आता गंमत वाटायला लागली होती.

"आणि बल्ब एवढा निळा नको," मी म्हणाले. "जरा पिवळट पांढरा घ्या."

"का? निळा जास्त आधुनिक दिसतो."

"काका, मोतीबिंदू पिवळा असतो. इतकी वर्षं तुम्ही पिवळ्या काचेतून बघत होतात. ती काढली, त्यामुळे निळा रंग तुम्हाला आता अंगावर आल्यासारखा दिसतो. आणि धूळ, धुकं असलं की निळा उजेड जास्त विखुरतो. ऊसतोडीच्या दिवसांत इथे धुळीशिवाय दुसरं आहे काय?"

काकांनी हे मनात घोळवलं. केमिस्ट माणसाला पटण्यासारखं होतं. "बरं," ते म्हणाले. "आता एकच गोष्ट बदलायची. डोळ्यांना हात लावायचा नाही."

"नाही लावत," मी म्हणाले.

सामान आलं तो दिवस मला अजून आठवतो. सलीमच्या गॅरेजसमोर सपाट जागा नव्हती, म्हणून फोकस लावायला मी आमच्या रुग्णालयाचं आवार देऊ केलं. मागची भिंत नुकतीच रंगवलेली, कोरी, पांढरी. सलीमनं नवे दिवे बसवून, डिकीत टेबल-बाकडी घातलेली गाडी भिंतीपासून आठ-नऊ पावलांवर उभी केली आणि टायरमधली हवा तपासली. पुढे काका बसले. मागच्या सीटवर माझी नर्स सिंधूताई, काकूंच्या वजनाच्या बदली म्हणून. काकूंना हे कळल्यावर त्या फार वेळ सिंधूताईंकडे बघत राहिल्या.

दिव्याच्या मध्याची उंची मोजून सलीमनं भिंतीवर खूण केली. रेघ मारायला चिकटपट्टी हवी होती. मी ड्रेसिंगची पांढरी पट्टी आणली, पण पांढऱ्या भिंतीवर ती दिसेना, तेव्हा सिंधूताईंनी गाडीतूनच ओरडून तिच्यावर जखमेचं तांबडं औषध फासायला सांगितलं. रेघ झाली.

अंधार पडला. दिवे लागले. या वेळी डोळे दिपले नाहीत. भिंतीवर उजेडाचा एक स्वच्छ पट्टा उमटला. वरची कड चाकूनं कापल्यासारखी, फक्त डाव्या बाजूला थोडी वर चढलेली.

"डावीकडं मुद्दाम चढ असतोय," सलीम म्हणाला. "कडेनं चालणारं माणूस दिसाय पाहिजे. उजवीकडनं येणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र जायला नको."

तो स्क्रू फिरवायला लागला. उजेड केसभर खाली, केसभर वर. काकूंची तालमीची वेळ होऊन गेली होती. त्यांना राहवेना. त्यांनी टोपी घातली, लाठी घेतली आणि थेट भिंतीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"अरे ए गणप्या!" त्या गरजल्या. "कायद्यापुढं तू आणि तुझा मामा दोघं सारखेच!"

वॉर्डातल्या पेशंटांचे नातेवाईक बाहेर आले. एका डोळ्याला पट्टी बांधलेले दोन आजोबाही आले. पायरीवर प्रेक्षागृह भरलं.

"काकू, सरका जरा," सलीम हात जोडून म्हणाला. "पदर रेघेवर यायलाय."

"फौजदार सरकत न्हाई!"

पण गंमत अशी, की उजेड आता नीट बसत होता. काकूंच्या चपला झगमगत होत्या, लाठी चमकत होती, कमरेचा पट्टा चमकत होता. आणि त्याच्या वर चेहरा, टोपी, सगळं अंधारात.

"माझं तोंड कुणाला दिसायलंय का?" काकूंनी विचारलं.

"न्हाई," पायरीवरून सगळे म्हणाले.

"मग फोकस बरोबर बसला!" सलीमनं पाना खिशात टाकला. टाळ्या पडल्या. काकूंना त्या आपल्यासाठीच वाटल्या आणि कोणी त्यांना खोडलं नाही.

त्या दिवशी तालीम उशिरा सुरू झाली आणि लवकर आटोपली. काकूंनी हट्टच धरला, "आज आमच्या घरी राहायला चला. सकाळच्या गाडीनं परत या." काकांनाही मी सोबत हवी होते, साक्षीदार म्हणून. टेबल आणि बाकडी डिकीत गेली, काकू मागे बसल्या, मी पुढे.

गाव मागे पडलं. रस्ता समोर काळ्या पट्ट्यासारखा स्वच्छ उलगडत गेला. डावीकडची पांढरी कड, खड्डे, मैलाचा दगड. समोरून ट्रक आला आणि नुसता निघून गेला. कोणी डिपर मारला नाही. काकांची पाठ हळूहळू सीटला टेकली.

मी खूश होऊन बोलतच होते, दिव्यांबद्दल, सलीमबद्दल. काकांनी मध्येच ब्रेक दाबला. कचकन नाही, शांतपणे. गाडी हळू होत थांबली.

"काय झालं?"

"ते काय, बाळ बसलंय की," काका म्हणाले.

मी बघितलं. मला काही दिसेना. मग, बऱ्याच पुढे, उजेड संपतो तिथे, डाव्या कडेला काहीतरी हललं. काका गाडी कूर्मगतीनं पुढे नेत गेले, तेव्हा कुठे मला नीट दिसलं. उसानं भरलेली बैलगाडी, चाक पंक्चर. बैल सोडलेले. मागे ना दिवा, ना उजेडात चमकणारी लाल चकती. आणि रस्त्याच्या डांबरावर, गाडीच्या चाकाला टेकून एक तरुण बाई, आणि तिच्यापुढे, रस्त्याकडे तोंड करून, उसाचं पेर चोखत बसलेलं वर्षा-दीड वर्षाचं मूल.

माझ्या अंगावर काटा आला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी हे गाव सोडणार होते. ठाण्याच्या मोठ्या रुग्णालयाचं पत्र आलं होतं, आणि उत्तर पाठवायचं बाकी असलं, तरी येते असं मी आईला सांगूनही टाकलं होतं. कारण वरवर सांगायला पुष्कळ होती. खरं एवढंच होतं, की काका दिसत नाही म्हणाले त्या सकाळपासून माझा माझ्या हातांवर विश्वास उरला नव्हता. दिवे चुकीचे होते हे कळूनही तो परत आला नव्हता. चांगल्या दिव्यांत तर कोणालाही दिसेल, असं आतून काहीतरी सतत म्हणत होतं.

आणि आता, त्याच दिव्यांच्या उजेडात, त्याच काचेतून, बत्तीस-तेहतीस वर्षांच्या माझ्या निरोगी डोळ्यांच्या आधी काकांच्या डोळ्यांनी ते मूल पाहिलं होतं. मी उघडलेल्या आणि मीच भिंग बसवलेल्या डोळ्यांनी.

काकांनी गाडी कडेला घेऊन दोन्ही बाजूंचे पिवळे दिवे लुकलुकते ठेवले. आम्ही उतरलो. बाईचा नवरा चाकाशी झटत होता. बीडकडची जोडी, तोडीला आलेली. काकांनी बाह्या सरसावल्या. कारखान्यातल्या कोणा माणसाला फोन लावून, "ताबडतोब चाक घेऊन या, आणि येताना लाल चकत्या आणा, एक नाही, गठ्ठाच आणा," असं त्या टाकीपलीकडे पोचणाऱ्या आवाजात सांगितलं. मूल दचकून रडायला लागलं. काकूंनी त्याला उचललं आणि फौजदारी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. टोपीत ते गळ्यापर्यंत बुडालं आणि आतून हसायला लागलं.

त्या बाईनं मोळीतून एक कांडं ओढून माझ्या हातात दिलं. मी तिथेच, रस्त्यात, हेडलाइटच्या उजेडात उभी राहून ऊस सोलत खायला लागले. माझे डोळे वाहत होते. धूळ होतीच, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही.

"बाई, तुम्ही ह्यांच्या कोण?" तिनं विचारलं. "लेक का?"

मी तोंडातला चोथा टाकून उत्तर देणार, एवढ्यात चाकाजवळून काकांचा आवाज आला.

"आमच्या डॉक्टर आहेत त्या! माझे दोन्ही डोळे यांनीच केलेत. तुझ्या घरी कोणाला मोतीबिंदू असला, तर बीडहून घेऊन ये यांच्याकडं. सांग, मगदुमांनी पाठवलंय."

एवढं बोलून ते पुन्हा चाकाकडे वळले. जणू त्यात काही विशेष नव्हतंच.

सकाळी काकूंच्या घरून मी आईला ठाण्याला फोन लावला. ती माझी खोली झाडून, गादीला ऊन दाखवून बसली होती.

"कधी येतेस मग?" तिनं विचारलं.

"आई," मी म्हणाले, "पुढच्या महिन्यात इथे नाटक आहे. तूच ये."